गाणी रचण्यासाठी घरचा पहिला कीबोर्ड : पेटी वाजवणाऱ्याने काय पाहून घ्यावा?

शेवंती, फोंडा

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी आमच्या वाड्यावरच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते आणि त्याच्या जोडीला मुलांसाठी गाणी आणि थोडी भावगीते लिहून त्यांना चालीही लावते. चाल सुचली की फोनवर गुणगुणून ठेवायची, ही माझी आजवरची पद्धत. परंतु त्या मुद्रणात अंतरा कुकरच्या शिट्टीखाली दबलेला असतो, आणि दोन महिन्यांनी ऐकताना आपण नेमक्या कोणत्या सुरात गात होतो हेही उमगत नाही. पेटीवर बसावे, तर डावा हात भात्यात अडकतो आणि चालीखाली दुसरे सूर धरून पाहता येत नाहीत. म्हणून कीबोर्ड घ्यायचे मनात आहे.

अंदाजपत्रक १८,००० रुपयांचे आहे. लॅपटॉप सात वर्षांचा, ४ जीबी रॅमचा. पणजीच्या दुकानात मला तीन वस्तू दाखवण्यात आल्या : तालांसह येणारा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, संगणकाला जोडायचा २५ पट्ट्यांचा कंट्रोलर आणि ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो. पियानो माझ्या ऐपतीबाहेरचा होता, तरी दुकानदाराचा आग्रह त्याचाच होता. मला कार्यक्रमात वाजवायचे नाही, घरी गाणे पुरे करायचे आहे. अशा माणसाने आधी काय पाहावे?

काळी चार, म्हापसा

शेवंतीताई, तिन्ही वस्तू दिसायला भावंडे असल्या, तरी त्यांची कामे निराळी आहेत. कंट्रोलरला स्वतःचा आवाजच नसतो. कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि कधी सोडली, एवढाच निरोप तो मिडीच्या भाषेत संगणकाला देतो आणि आवाज संगणकातील सॉफ्टवेअर काढते. मिडी ही वाद्य कंपन्यांनी १९८३ मध्ये समाईक मान्य केलेली भाषा असल्यामुळे एका कंपनीचा कीबोर्ड आणि दुसऱ्याचे सॉफ्टवेअर यांचे आजही बिनतक्रार जुळते. तालांसह येणाऱ्या कीबोर्डला अरेंजर म्हणतात. त्यात आवाज, ताल आणि स्पीकर असे सगळेच असते. डिजिटल पियानोच्या पट्ट्या खऱ्या पियानोसारख्या जड असतात आणि ज्याला पियानोच शिकायचा आहे त्याच्यासाठी तो खर्च योग्य आहे. आपल्या प्रश्नात पियानो कोठेच आलेला नाही.

माझी स्वतःची सुरुवात २५ पट्ट्यांच्या कंट्रोलरने झाली, आणि दोन वर्षांत माझ्याकडे शेकडो आवाज जमले पण पुरी झालेली गाणी चारच. लॅपटॉप सुरू होईपर्यंत, सॉफ्टवेअर उघडेपर्यंत आणि यादीतून बरासा पियानो निवडेपर्यंत मुखडा निघून गेलेला असे. त्यामुळे माझे मत आता ठाम आहे. गाणे रचणाऱ्याच्या पहिल्या वाद्याने बटण दाबताक्षणी वाजायला हवे, आणि संगणकाशी त्याचे नाते नंतर, आपल्या सवडीने जुळवता यायला हवे. ज्या अरेंजरच्या पाठीमागे संगणकाला जोडण्याची यूएसबी खाच असते, तो हवा तेव्हा कंट्रोलरही होतो. कंट्रोलरचा मात्र संगणकावाचून कीबोर्ड होत नाही.

खरेदीपूर्वी दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात : पट्ट्या स्पर्शसंवेदी आहेत का, म्हणजे हलके वाजवल्यास आवाज हलका येतो का, आणि ती यूएसबी खाच आहे का. कॅसिओ सीटी-एस३०० आणि यामाहा पीएसआर-ई३७३ या दोन्हींत या सोयी आहेत. यामाहाच्याच पीएसआर-एफ५२ मध्ये स्पर्शसंवेदन नाही, आणि स्वस्त म्हणून नेमके तेच आधी पुढे केले जाते.

भाता, बोरी

काळी चार यांच्याशी मी सहमत आहे. फक्त स्पर्शसंवेदनाबद्दल पेटीवाल्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवायला हवी, नाहीतर पहिल्या आठवड्यात वाद्यच सदोष आहे असे वाटू लागते. पेटीत आवाजाचा जोर भात्यातून येतो, बोटातून येत नाही. पट्टी हळू दाबा वा आपटा, हवा तेवढीच असेल तर सूर तेवढाच. त्यामुळे आपली बोटे जोराच्या बाबतीत अडाणी राहिलेली असतात. कीबोर्डवर पियानोचा आवाज लावून तान घेतली की एक सूर ओरडतो आणि पुढचा गिळला जातो, कारण आपली तिसरी आणि चौथी बोटे सारख्या ताकदीची नाहीत, हे आजवर कोणी ऐकलेलेच नसते. मला हे सुधारायला तीन महिने लागले. तोवर मेनूतून स्पर्शसंवेदन बंद करून, हार्मोनियमचा किंवा ऑर्गनचा आवाज लावून चाली बसवाव्यात आणि रोज दहा मिनिटे पियानोच्या आवाजावर पलटे घोटावेत.

पट्ट्यांची संख्या हा त्यामानाने सोपा प्रश्न आहे. आपली पेटी सव्वातीन ते साडेतीन सप्तकांची असते, ६१ पट्ट्या म्हणजे पाच सप्तके. डाव्या हाताला दोन आणि उजव्याला तीन सप्तके अशी वाटणी केली की पेटीवर कधी न मिळालेली ऐसपैस जागा मिळते. ८८ पट्ट्यांची कडेची दोन टोके आपल्या गाण्यात वर्षातून एकदाही वाजणार नाहीत.

(पेटीवादक पं. तुळशीदास बोरकर आमच्या बोरीचे, त्यामुळे पेटीबद्दल बोलताना आम्ही गावकरी जरा लांबण लावतो, हे सोसून घ्यावे.)

नवखा, कुडचडे

मी २५ पट्ट्यांच्या, लहान आकाराच्या कंट्रोलरवर समाधानी आहे. तो पाठीवरच्या पिशवीत मावतो आणि कदंब बसमध्ये बसल्या बसल्या फोनला जोडून काम करता येते. बजेटही निम्म्यावर येते. ताईंनी त्याचाही विचार करावा.

भाता, बोरी

प्रवासासाठी मान्य. परंतु पेटीवर तयार झालेल्या हाताला अंतर मोजण्याची सवय असते. बोटे न पाहता सा वरून प वर जातात. लहान आकाराच्या पट्ट्यांवर तेच बोट धैवतावर पडते, आणि मग शनिवारी भजनाला खऱ्या पेटीवर बसले की उलटी चूक होते. शिवाय दोन सप्तकांत एक हात चाल वाजवत असताना दुसऱ्याने काय करायचे? ताईंची मूळ अडचणच डाव्या हाताची आहे.

दुलपद, मडगाव

डाव्या हाताचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझे घर ब्राह्मणाचे, पण शेजार चर्चचा. लहानपणी शेजारच्या मेस्तांकडून, म्हणजे चर्चच्या संगीतशिक्षकाकडून, मी स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) आणि कॉर्ड (एकत्र धरायचे सूर) शिकलो. गोव्याच्या चर्च-शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या हे शिक्षण मिळत आले म्हणूनच मुंबईच्या चित्रपटसंगीतात स्वरलिपी वाचणारे इतके गोंयकार वादक होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच एक.

अरेंजरमधील तयार साथीचा मोह फार मोठा असतो, आणि गाणे लिहिणाऱ्यासाठी तो धोक्याचाही असतो. डाव्या हाताने एक कॉर्ड धरली की ड्रम, बास आणि गिटार आपोआप वाजू लागतात. पाच मिनिटांत गाणे झाल्याचा भास होतो, आणि आपण लिहिलेली ओळ साथीच्या मापात बसवण्यासाठी शब्द तोडले जाऊ लागतात. या साथी बहुतांशी चार मात्रांच्या असतात. केरवा त्यांत निभावतो, दादऱ्यासाठी ६/८ ची साथ चालवून घेता येते, आणि आमच्या दुलपदाची, म्हणजे गोव्याच्या त्या लोकगीताची, चालही त्याच मापाची आहे. परंतु रूपकाच्या सात मात्रा किंवा झपतालाच्या दहा हव्या असतील तर बहुतेक कीबोर्ड हात वर करतात. भारतीय बाजारासाठी काढलेली मॉडेले, उदाहरणार्थ यामाहा पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओची नावाअखेर ‘आयएन’ लावलेली सीटी-एक्स मालिका, यांत तबला-तानपुऱ्याचे आवाज आणि देशी ठेके मिळतात. ती दुकानात वाजवून पाहावीत, पण आपल्या गाण्याचा ताल त्यांत आहे का हे विचारून नव्हे, लावून पाहावे.

माझा सल्ला असा की पहिले दोन महिने साथ बंद ठेवावी. पट्ट्यांची विभागणी करून डावीकडे तंतुवाद्यांचा सौम्य, लांब आवाज आणि उजवीकडे चालीचा आवाज लावावा. आधी नुसता सा-प धरून चाल गावी. मग सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे एवढ्या तीन कॉर्ड ओळीच्या कोणत्या शब्दावर बदलाव्याशा वाटतात ते कान सांगतो. यमनाची चाल असेल तर म-ध-सा बाजूला ठेवून रे-तीव्र म-ध धरून पाहावे; तीव्र मध्यमावर थांबलेली ओळ तेथे उजळते. तेवढ्या एका बदलासाठी मी कधी कधी आख्खा अंतरा फिरवून लिहिला आहे.

शेवंती, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. पियानो यादीतून काढला आणि लहान कंट्रोलरही. आता तीन शंका उरल्या आहेत. एक, भाता मास्तर, कीबोर्डवर सा-ग-प धरून मी गायले तेव्हा गांधार मला टोचत होता. दोष माझ्या गळ्याचा की वाद्याचा? दोन, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, हवी असल्यास काय करावे? तीन, माझा जुना लॅपटॉप या कामाला पुरेल का? माझ्या भाच्याने त्याच्यावर पियानोचे सॉफ्टवेअर घालून दिले होते, पण पट्टी दाबल्यावर आवाज रेंगाळत येई आणि ब्लूटूथ हेडफोन लावल्यावर तर वाजवणे अशक्यच झाले.

भाता, बोरी

गळा शाबूत आहे, ताई. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. अर्ध्या स्वराचे शंभर सेंट धरले, तर त्याचा शुद्ध गांधार सा पासून ४०० सेंटवर येतो; तानपुऱ्यात ऐकू येणारा, आपल्या गळ्याला ओळखीचा गांधार ३८६ वर असतो. म्हणजे वाद्याचा गांधार १४ सेंटने चढा आहे. पंचमातला फरक अवघा दोन सेंटचा असल्याने तो कोणालाच टोचत नाही. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दूर ठेवले, त्यामागच्या तक्रारींत हे ठरीव स्वरही होतेच, तेव्हा हे भांडण जुने आहे. उपाय सोपा : चाल रचताना डाव्या हातात सा-प ठेवावा, ग गळ्यातूनच यावा. दुलपद यांनी वेगळ्या कारणाने सांगितले, पण ते येथेही लागू पडते. वरच्या किमतीच्या काही मॉडेलांत एकेक स्वर सेंटच्या मापाने उतरवताही येतो, मात्र पहिल्या वाद्यात त्यासाठी पैसे घालू नयेत.

मींडीसाठी पिच बेंडचे चाक लागते. सीटी-एस३०० ला ते आहे, पीएसआर-ई३७३ ला नाही, त्याच्या वरच्या ई४७३ ला आहे. चाक सहसा वरखाली दोन-दोन अर्धस्वर वळते, म्हणजे सा वरून रे पर्यंतची मींड त्यात बसते. सतारीची सर येणार नाही, पण चालीत मींड कोठे आहे याची खूण राहते, आणि रचनाकाराला तेवढे पुरते. एक इशारा ट्रान्सपोझबद्दल : गायिकेचा सूर काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी) असला तरी बटणाने वाद्य चढवून आपण पांढरी एकचीच बोटे चालवू शकतो. ही सोय जरूर वापरावी, पण तिच्यावरच विसंबलो की खऱ्या पेटीवर हात लुळा पडतो. शिवाय वीज जाऊन आली की बहुतेक कीबोर्ड मूळ सुरावर परततात आणि ते आपल्या लक्षात येत नाही.

काळी चार, म्हापसा

लॅपटॉपच्या रेंगाळण्याला लेटन्सी म्हणतात. संगणक आवाज थेंबाथेंबाने न देता घागर भरून देतो. त्या घागरीला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि बफर ५१२ नमुन्यांचा, तर एक घागर भरायला ११.६ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज सुमारे चार मीटर जातो, म्हणजे पेटी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवल्यासारखे. हे सवयीने चालते. विंडोजचा नेहमीचा ध्वनिमार्ग मात्र याच्या कितीतरी पट वेळ घेतो, म्हणून आसिओ प्रकारचा ड्रायव्हर घालावा लागतो. आसिओफोरऑल फुकट मिळतो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. म्हणजे पेटी देवळाच्या मंडपात आणि ऐकणारा तळीच्याही पलीकडे. तारेचे हेडफोन घ्या, दुसरा उपाय नाही.

परंतु आपल्याला या कटकटीत पडण्याचे कारणच नाही. आवाज कीबोर्डचा स्वतःचा असेल तर तो पट्टी दाबताक्षणी त्याच्या स्पीकरमधून येतो आणि लॅपटॉपने फक्त टिपून घ्यायचे असते, जे ४ जीबीचे यंत्र आरामात करील. ई३७३ मधून यूएसबीच्या एकाच केबलने मिडीही जाते आणि आवाजही. सीटी-एस३०० ची यूएसबी फक्त मिडी पाठवते, आवाज हेडफोनच्या खाचेतून घ्यावा लागतो. सॉफ्टवेअर म्हणून रीपर हलके आहे आणि ६० दिवस पूर्ण स्वरूपात वापरून पाहता येते. मी स्वतः मिडी आधी टिपतो, कारण त्यात सुरांचा निरोप साठतो, आवाज नाही; चुकलेला निषाद दुसऱ्या दिवशी माऊसने जागेवर आणता येतो, आणि गायिका बदलली तर आख्खे गाणे काळी चारवरून काळी एकवर उतरवता येते.

खारा वारा, वास्को

पावसाबद्दल कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. कीबोर्डच्या पट्ट्यांखाली रबराच्या टोप्या असतात आणि त्यांच्या तळाशी कार्बनचा ठिपका. तो खालच्या पाटीवर टेकला की सूर वाजतो. दमट खाऱ्या हवेने त्या पाटीवर थर धरला की आधी एखादी पट्टी हलक्या हाताला दाद देत नाही, मग ती एकदम जोरातच वाजते आणि शेवटी मुकी होते. माझा पहिला कीबोर्ड दुसऱ्या पावसाळ्यात असाच गेला, आणि त्यात माझा दोष अधिक होता : मी तो प्लास्टिकच्या कागदात घट्ट गुंडाळून ठेवला होता, म्हणजे दमट हवा आतच कोंडली. सुती कापड घालावे, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, खिडकीपासून दूर ठेवावे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोज वाजवावे. गडगडाट सुरू झाला की ॲडॉप्टर भिंतीतून काढून सेलवर वाजवावे; सीटी-एस३०० आणि ई३७३ दोन्ही सहा पेन्सिल सेलवर चालतात. सेल पावसाळाभर आत विसरले तर तेही गळतात.

जुने वाद्य घ्यायचे झाल्यास प्रत्येक पट्टी, काळी धरून, तीन जोरांत वाजवून पाहावी : अगदी हळू, मध्यम, जोरात. हेडफोनची पिन फिरवून खरखर ऐकावी, सेलचा कप्पा उघडून हिरवट डाग पाहावेत आणि ॲडॉप्टर मूळचाच आहे का ते तपासावे. यामाहाचे लहान कीबोर्ड बहुधा १२ व्होल्टवर चालतात, सीटी-एस३०० हा ९.५ व्होल्टवर, पिन बसली म्हणून ॲडॉप्टर चालतो असे नाही.

शेवंती, फोंडा

काल कॅसिओ सीटी-एस३०० घरी आणला. दुकानात दोन्ही वाद्यांवर मी माझाच एक अर्धवट मुखडा वाजवला. यामाहाचा पियानो मला अधिक गोड वाटला हे खरे, आणि एकाच केबलची सोयही मोह पाडणारी होती. पण मुखड्यातली रे वरून कोमल ग ला जाणारी मींड चाकाने कशीबशी का होईना निघाली, तेव्हा निर्णय झाला. सव्वातीन किलोंच्या आसपास वजन असल्याने स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंतही तो जातो, आणि हे मी कोणाला विचारायला विसरले होते. उरलेल्या पैशांत एक स्टँड, तारेचे हेडफोन आणि पायाने दाबायची सस्टेनची पट्टी घेतली. त्या पट्टीचे वागणे मात्र उलटे आहे : दाबली की सूर तुटतो, सोडली की लांबतो. शिवाय चवथीपूर्वी एक गाणे घुमटाच्या (आमच्याकडच्या मातीच्या तालवाद्याच्या) ठेक्यावर बसवायचे आहे आणि कीबोर्डमध्ये घुमट कोठेच नाही.

काळी चार, म्हापसा

अभिनंदन, ताई. पायपट्ट्या दोन जातींच्या असतात, एक दाबल्यावर जोडणारी आणि एक दाबल्यावर तोडणारी. पट्टीच्या पोटाशी लहानशी कळ असल्यास ती सरकवावी. नसल्यास दुकानातून दुसऱ्या जातीची बदलून घ्यावी. आणि तान वाजवताना पाय वरच ठेवावा, नाहीतर सगळे सूर एकमेकांत कालवले जातात.

घुमट कीबोर्डमध्ये शोधू नये, तो घुमटच असावा. आधी रीपरमध्ये लय ठरवून मेट्रोनोम लावावा आणि त्यावर कीबोर्डवरची चाल मिडीत टिपून घ्यावी. मग वाजवणाऱ्याला हेडफोन देऊन, फोन घुमटाच्या चामड्यापासून हातभर दूर आणि थोडा तिरका धरून ठेका टिपावा. मागचे तोंड हाताने उघडझाक करताना हवेचा झोत बाहेर येतो, त्याच्या समोर फोन ठेवला तर नुसता भसभसाट येईल. कासाळे (झांजा) आणि शामेळ (काठ्यांनी वाजवायचे तालवाद्य) त्याच वेळी न वाजवता वेगळ्या फेरीत घ्यावेत, कारण कासाळ्यांचा आवाज एकदा घुमटाच्या मुद्रणात शिरला की तो काढता येत नाही.

शेवंती, फोंडा

पायपट्टीखाली कळ सापडली. घुमट वाजवायला शेजारचा मुलगा रविवारी येणार आहे, मात्र हेडफोन घालून मी कधी वाजवलेले नाही, असे तो आताच म्हणतो आहे.

काळी चार, म्हापसा

एका कानावरून हेडफोन उतरवून ठेवायला सांगा. घुमटाचा स्वतःचा आवाज कानावर आला की त्याचा हात बसेल.